धोंड्याचा नातू मिलिंद कसा झाला?

मराठवाड्यात जुन्या कागदांना सोन्याचा भाव आला आहे. २०२३ मध्ये सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन शासन निर्णय काढला, आणि निजामकाळातील मोडी-उर्दू दप्तरांवरची धूळ झटकली गेली. कुणबी नोंदी शोधणाऱ्यांनी त्या जरूर शोधाव्यात. आमचा प्रश्न वेगळा आहे. गावच्या जुन्या दप्तरात आमच्या पूर्वजांचीही नावे आहेत. ती कोण वाचणार?

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत जा आणि पणजोबांचे नाव विचारा. धोंड्या, दगड्या, कचऱ्या, उकिरड्या, केऱ्या, भिक्या! कॉलेजात जाणारा नातू हे सांगताना खाली मान घालतो. आम्हाला त्याला सांगायचे आहे की, लाज तुझ्या पणजोबाला नाही, ते नाव तसे लिहिणाऱ्याला वाटली पाहिजे.

या नावांमागे दोन कारणे आहेत. पहिले मरणाचे. देवी, पटकी, उपासमार यांत पाळण्यातली मुले दगावत. मग जगलेल्या मुलाला सटवीची दृष्ट लागू नये म्हणून केरात लोळवायचे, उकिरड्यावर ठेवून उचलायचे आणि नाव ठेवायचे कचरू, नाही तर उकिरडा. ही चाल सर्वच जातींत होती. मुलगी नको म्हणून ठेवलेले ‘नकुशा’ हे नावही त्याच अंधारातले. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकुशांची नावे जाहीर समारंभात बदलावी लागली, हे विसरून चालणार नाही.

दुसरे कारण जातीचे. पाटलाच्या घरचा धोंडू मोठेपणी धोंडीबा होई, ब्राह्मणाच्या घरचा धोंडोपंत होई. आमचा मात्र म्हातारा होऊन मेला तरी धोंड्याच! हा केवळ बोलीचा प्रकार नव्हे. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदाव्यंजक असावे, असा नियमच मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी जो ग्रंथ जाळला, त्याने माणसाचे नावसुद्धा सोडले नव्हते.

पण आमच्या नावांत केवळ अपमान नाही, इतिहासही आहे. पिराजी, फकिरा ही नावे पिराला बोललेल्या नवसाची आहेत. परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक जातात, तिथे या नावांचे नवल कोणाला वाटणार? गंगाखेडच्या जनाबाईला जगाने ‘दासी’ म्हटले, तरी तिचे नाव सातशे वर्षे टिकले. १९७८ साली नामांतराच्या लढ्यात शेजारच्या नांदेड जिल्ह्यात ज्यांचा बळी घेतला गेला, त्या पोचीराम कांबळे यांच्या नावात तेलंगणाची पोचम्मा डोकावते. विद्यापीठाच्या नावासाठी माणसे मारली जातात तिथे ‘नावात काय आहे’ हा प्रश्न आम्हाला कोणी विचारू नये.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर हे सारे बदलले. धम्मदीक्षेची लाट वस्त्यावस्त्यांत पोहोचली आणि पाळण्यात नवी नावे आली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, अशोक, सुजाता, यशोधरा, संघमित्रा. मिलिंद हे नाव तर मूळचे ग्रीक राजा मिनँडरचे. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा हा राजा. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) सुरू केलेल्या कॉलेजला पुढे हेच नाव मिळाले आणि मराठवाड्यातल्या घराघरांत मिलिंद जन्मले. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. आमच्या आया-आज्यांनी आपल्या मुलांची नावे बदलायला कोणत्याही मंत्रिमंडळाची वाट पाहिली नव्हती!

मात्र हा अभिमान कचेरीच्या खिडकीशी अडतो. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. १९९० मध्ये केंद्राने बौद्धांना सवलती दिल्या, पण पुरावा पूर्वीच्या जातीचाच द्यावा लागतो. कागदावर ‘कचऱ्या’, नंतरच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर ‘कचरू’, मुलाच्या दाखल्यावर ‘काशिनाथ’. एकाच माणसाची ही तीन नावे आहेत हे सिद्ध कसे करायचे? त्यात उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, म्हणजे एकच नाव दोन वाचणारे दोन तऱ्हेने वाचणार. जुनी दप्तरे तपासायला सरकारकडे समिती आहे, भाषांतरकार आहेत. मग तीच यंत्रणा भूमिहीन, निरक्षर पूर्वजांच्या नातवांसाठी का राबू नये? नावातील असा फरक दाखला नाकारण्याचे कारण ठरणार नाही, असे सरकारने स्पष्ट लिहून द्यावे, ही आमची मागणी आहे.

आणि काही काम आपलेही आहे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. ते रजिस्टर जपले गेले म्हणूनच आज तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. आपल्या घरातल्या भिवांची नोंद कोठे आहे? प्रत्येक विहारात एक वही ठेवा. जुने नाव, नवे नाव, ते कोणी बदलले, कोणत्या साली, सर्व लिहा. आजी-पणजीची नावे आधी लिहा, कारण दप्तराने त्यांना ‘अमक्याची बायको’ एवढेच म्हटले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे राज्यात बंधनकारक झाले, पण मागच्या चार पिढ्यांच्या आया फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरल्या आहेत. त्या म्हाताऱ्या आज आहेत, उद्या नसतील.

धोंड्या हे नाव पुसू नका. धोंड्यापासून मिलिंदपर्यंतची वाट हीच आमची खरी वंशावळ आहे. जय भीम!