चिमुकला राखणदार

आमच्या जालन्यात ‘पामेरियन’ म्हणून जो पांढरा, ठेंगणा, झुबकेदार शेपटीचा कुत्रा पुष्कळ घरी दिसतो, तो बहुधा इंडियन स्पिट्झ होय. त्याचे पूर्वज, जर्मन स्पिट्झ, इंग्रजी अमदानीत येथे आले. खरा पामेरियन निराळा. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्सहून आणला तो त्या जातीचा. परका दिसताच भुंकणे हा आमच्या या राखणदाराचा स्वभावच. राखणदार ठेवावा आणि त्याने हाक दिली की काठी उगारावी, हा न्याय आम्हांस पटत नाही. वैशाखात त्यास गच्चीवर साखळीने बांधणे तर क्रौर्यच. अंगावरचे दाट केस थंड मुलुखाचे, आणि कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग निववितो. उन्हाळी सुटीत त्याच्या सावलीची व पाण्याची काळजी विद्यार्थ्यांनीच घ्यावी.