राष्ट्राचा जन्म आणि ईश्वरी योजना

वाटूर फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभा असलेला माणूस जेव्हा "देवाच्या मनात असेल तेव्हा येईल" असे म्हणतो, तेव्हा तो कोणताही सिद्धांत मांडत नसतो. तो फक्त आपल्या मनाची समजूत घालीत असतो. परंतु हेच वाक्य एखाद्या राज्याविषयी किंवा राष्ट्राविषयी उच्चारले गेले, की त्याचा अर्थ पार बदलून जातो. हे राष्ट्र देवाच्या मनात होते म्हणून जन्माला आले, असे म्हणणाऱ्याला पुढे असेही म्हणता येते की, या राष्ट्राच्या आड येणारा देवाच्या आड येतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ धर्मशास्त्र शिकणाऱ्यांचा नाही, तर इतिहास व राज्यशास्त्र घेऊन बसलेल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांचाही आहे, असे मला वाटते.

येथे एक भेद आधीच स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडचे दैव किंवा प्रारब्ध मागे पाहते. पूर्वी जे केले त्याचे फळ आज भोगायचे, एवढाच त्याचा हिशेब. ख्रिस्ती श्रद्धेतील ईश्वरी योजना मात्र पुढे पाहते. इतिहासाला एक गंतव्य आहे, ईश्वर त्या दिशेने जगाला नेत आहे, आणि त्यासाठी तो माणसांना, प्रसंगी संपूर्ण राष्ट्रांना, साधन म्हणून वापरतो, अशी ही कल्पना आहे. तिचे मूळ जुन्या करारातील इस्राएलच्या कथेत आहे. मिसर देशातील गुलामांना ईश्वराने बाहेर काढले व त्यांचे राष्ट्र केले. पुढे ते बाबिलोनच्या बंदिवासात पडले, तेव्हा त्यांना सोडविण्यासाठी ईश्वराने पर्शियाचा परधर्मी राजा कोरेश निवडला, असे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात आहे. परका राजाही देवाचे हत्यार होऊ शकतो, हा विचार आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पण त्याच बायबलात आमोस नावाचा एक संदेष्टा आहे. तो साधा मेंढपाळ होता. तो इस्राएल लोकांना बजावतो की, ईश्वराने तुम्हांलाच निवडले आहे, आणि म्हणूनच तुमच्या पापांचा जाब तो तुम्हांलाच विचारील. राजेरजवाड्यांना कोरेशाची गोष्ट फार आवडली. आमोसाची गोष्ट त्यांनी सहसा काढली नाही.

अमेरिकेचेच पाहा. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या अखेरीस ईश्वरी संरक्षणावर दृढ भरवसा व्यक्त केला आहे. त्यावर सह्या करणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी गुलाम होते. १८४५ साली जॉन ओ'सुलिव्हन या पत्रकाराने लिहिले की, हे सारे खंड ईश्वराने आमच्या विस्तारासाठीच नेमून दिले आहे. ज्यांच्या जमिनींवर हा विस्तार व्हायचा होता त्या मूळ रहिवाशांना या नेमणुकीची वार्ता कोणी विचारून दिली नव्हती. पण त्याच देशात लिंकनही झाला. यादवी युद्ध संपत आले असता, ४ मार्च १८६५ रोजी, त्याने आपल्या दुसऱ्या कारकिर्दीच्या आरंभीचे भाषण केले. दोन्ही पक्ष एकाच देवाची प्रार्थना करतात, आणि गुलामगिरीचे पाप साऱ्या देशाचे असल्याने हे युद्ध म्हणजे दोघांनाही झालेली शिक्षा असू शकेल, असा त्याचा आशय होता. जिंकत आलेल्या सेनापक्षाचा प्रमुख असे बोलतो, हे मला विलक्षण वाटते. हीच ती आमोसाची परंपरा.

इंग्रजांचे राज्य आपल्याकडे आले तेही कोरेशाच्या गोष्टीचा आधार घेऊन. एका व्यापारी कंपनीच्या हाती एवढा मोठा देश पडला याचा अर्थ काय, असा प्रश्न त्या काळच्या पाद्र्यांना पडे, आणि ईश्वराचा यात काही हेतू असलाच पाहिजे असे उत्तर ते देत. १८५७ चा उठाव झाला तेव्हा राणीच्या आज्ञेने ७ ऑक्टोबर हा दिवस इंग्लंडात उपवासाचा व प्रार्थनेचा म्हणून पाळला गेला. हा उठाव म्हणजे ईश्वराने आपल्याला केलेली शिक्षा होय, असे अनेक धर्मोपदेशकांनी त्या दिवशी सांगितले. शिक्षा कशाबद्दल? तर सरकारने ख्रिस्ती धर्म सांगण्यात कुचराई केली म्हणून! राज्य लुटीने मिळविले म्हणून, असे उत्तर देणारे थोडे. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातही ईश्वरी कृपेचा उल्लेख आहे. मात्र कोणावरही धर्म लादणार नाही, हे वचनही त्यातच आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. स्कॉटिश मिशनच्या शाळांतून शिकलेले दोन मराठी तरुण या संदर्भात मला फार महत्त्वाचे वाटतात. एक नारायण शेषाद्री. हे ब्राह्मण कुटुंबातील. १८४३ मध्ये मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. प्रकरण कोर्टात गेले, मुलगा बापाच्या स्वाधीन झाला, आणि मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठे वादळ उठले. परत घ्यावे म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते, आणि त्यांनाही त्याचा त्रास सोसावा लागला. हे नारायण शेषाद्री पुढे आपल्या जालन्यास आले. निजामाच्या राज्यात, सालारजंग दिवाण असतानाच्या काळात, मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ एक वसाहत उभी केली. प्रामुख्याने अस्पृश्य मानलेल्या जातींतील कुटुंबे तेथे राहू लागली. तिचे नाव बेथेल, म्हणजे देवाचे घर. मुसलमान राजाची जमीन, ब्राह्मण घरातून आलेला पाद्री आणि गावकुसाबाहेरची माणसे, असा हा योग होता.

दुसरे तरुण म्हणजे जोतीराव फुले. हे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. योगायोग असा की, त्याच वर्षी नारायण शेषाद्री न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला गेले होते. पुण्यातून एक पुस्तक अमेरिकेच्या नावाने निघाले आणि जालन्याहून एक माणूस प्रत्यक्ष तेथे जाऊन उभा राहिला. त्या काळी हे दोघे एकमेकांविषयी काय विचार करीत असतील, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

शूद्रादिअतिशूद्रांची दास्यातून सुटका व्हावी म्हणून ईश्वरानेच इंग्रजांना या देशात आणले, असे जोतीराव मानीत. यावरून त्यांना इंग्रजधार्जिणे म्हणणारे पूर्वी होते, आजही भेटतात. आमच्या वर्गातही एकदा अशी चर्चा झाली व ती बरीच तापली. परंतु आक्षेप घेणारे पुढचे पान उलटत नाहीत. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे याच जोतीरावांनी सरकारला सुनावले की, शेतकऱ्याच्या घामाचा पैसा तुम्ही वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळता आणि रयतेची मुले मात्र शाळेवाचून राहतात. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात तर सरकारी अंमलदार सुटलेले नाहीत. म्हणजे ईश्वराने तुम्हांला पाठविले आहे, असे ते इंग्रजांना म्हणतात ते त्यांचा गौरव करण्यासाठी नव्हे. ज्या कामासाठी पाठविले ते काम दाखवा, असा त्याचा अर्थ आहे. हत्याराला धार नसेल तर कारागीर ते टाकून देतो. माझ्या मते ईश्वरी योजनेच्या कल्पनेचा इतका सडेतोड उपयोग महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी केला नाही.

त्या मानाने आमचे नेमस्त सौम्य. न्यायमूर्ती रानडे यांना इंग्रजी राज्यात ईश्वरी संकेत दिसत असे, आणि त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा त्याच्या घटनेच्या प्रास्ताविकातच ब्रिटिशांशी असलेला संबंध ईश्वराच्या अगम्य योजनेने हिंदुस्थानच्या हितासाठी जुळून आला आहे, असे मान्य केले. गोखल्यांनी कायदे कौन्सिलात सरकारी अंदाजपत्रकाच्या चिंधड्या उडविल्या, हे खरे. पण संबंधालाच ईश्वरी म्हटल्यावर तो तोडण्याची भाषा कोणत्या तोंडाने करायची? टिळकपक्षाला हे पटणे शक्यच नव्हते.

हे केवळ ख्रिस्ती लोकांचे किंवा इंग्रजी शिकलेल्यांचे वेड होते, असे समजून आपण हात झटकू नयेत. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. 'आनंदवनभुवनी' या त्यांच्या काव्यात देवच दुष्टांच्या संहाराला उठला आहे असे दर्शन आहे. हे राज्य व्हावे ही श्रींची इच्छा, हे वाक्य तर आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. ज्या पत्रातून ते घेतले जाते, त्याच्या अस्सलपणाविषयी इतिहाससंशोधकांत मतभेद आहेत. ते काहीही असो. शिवछत्रपतींनी रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये म्हणून सैन्याला ताकीद दिली होती, म्हणूनच श्रींच्या इच्छेचा तो दावा त्यांना शोभतो. ज्याच्या गाडीवर केवळ चित्र चिकटविलेले आहे, त्याला तो शोभेलच असे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. स्वतंत्र भारताच्या जन्मवेळी ईश्वराचे काय झाले? १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत सरनाम्यावर चर्चा सुरू होती. आय.सी.एस. सोडून सुभाषबाबूंच्या पक्षात गेलेले हरि विष्णु कामत यांनी दुरुस्ती मांडली की, सरनाम्याचा आरंभ 'ईश्वराच्या नावाने' असा व्हावा. कामत भाविक होते, प्रामाणिक होते. आसामचे रोहिणीकुमार चौधरी यांनी लगेच विचारले की, आम्ही कामाख्येचे उपासक, मग देवीचे नाव का नको? सभागृहात बहुधा हशा पिकला असेल, पण प्रश्न गमतीचा नव्हता. कोणाच्या ईश्वराच्या नावाने, हाच तो प्रश्न. त्रावणकोरचे थाणू पिल्ले यांनी सांगितले की, मी स्वतः आस्तिक आहे, परंतु ही दुरुस्ती म्हणजे श्रद्धेची सक्ती होईल. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनीही विरोध केला. आपल्या अंतःकरणातील सर्वांत पवित्र भावना अशी वादात ओढली गेली याचा त्यांना खेद झाला. कामतांनी मतदानाचा आग्रह धरला. दुरुस्तीच्या बाजूने ४१, विरुद्ध ६८.

आणि हे कुंझरू कोण? गोखल्यांच्या त्याच भारत सेवक समाजाचे १९३६ पासूनचे अध्यक्ष! ज्या संस्थेने आपल्या पहिल्या कागदावर परक्या राज्याला ईश्वरी योजना म्हटले, तिचाच अध्यक्ष स्वतःच्या राष्ट्राच्या पहिल्या वाक्यात ईश्वराचे नाव घालण्यास नकार देतो. चव्वेचाळीस वर्षांत या देशाने केवढा पल्ला गाठला, ते मला या एका गोष्टीत दिसते. त्याच घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते, आणि त्याच वर्षी मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा आग्रह सोडून देण्यात ते पुढे होते.

काही मित्र म्हणतात, देवाला वगळल्यामुळे आपले राज्य कोरडे झाले, नीती गेली, म्हणूनच आजची ही स्थिती. मला हे पटत नाही. नीती सरनाम्यातील एका शब्दाने येत असती, तर ईश्वरी संरक्षणावर भरवसा ठेवणाऱ्या १७७६ च्या अमेरिकेत गुलामांचा बाजार भरला नसता. शिवाय देवाला वगळले हेच मुळी खरे नाही. घटनेचे तिसरे परिशिष्ट उघडून पाहावे. मंत्री, खासदार, आमदार, न्यायाधीश यांच्या शपथांचे नमुने तेथे दिले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय आहेत. ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. राष्ट्राने ईश्वराचे नाव घेतले नाही, ते घेण्याचे स्वातंत्र्य त्या एकेका माणसाला दिले. आपल्या मतदारसंघातला निवडून आलेला माणूस पुढच्या वेळी शपथ घेईल, तेव्हा तो कोणता पर्याय निवडतो ते जरूर ऐकावे, आणि ईश्वराला साक्षी ठेवून त्याने काय काय कबूल केले आहे तेही लिहून ठेवावे.