टोळीत वरचा दिसत नाही, खालचा सुटत नाही

दहिवली (कर्जत) : दहिवलीपासून थेट खालापूर-खोपोलीपर्यंत जमिनीला भाव आलाय. फार्महाऊस, प्लॉटिंग, पनवेल-कर्जत नवी रेल्वे लाईन, शिवाय कारखान्यांचे ठेके. असा पैसा फिरू लागला की टोळीला शिरायला वाट मिळते. टोळी म्हटलं की पिस्तूल आठवतं, पण तिची मुळं बहुतेक वेळा सातबारा आणि ठेक्यातच असतात.

मुंबईचं उदाहरण बघा. 2007 मध्ये घाटकोपरच्या असल्फात नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांना घरात गोळ्या घातल्या. मूळ कारण जमिनीच्या व्यवहारातला वाद. सुपारी 30 लाखांची, आणि ती घेतली दगडी चाळीच्या अरुण गवळीने, जो तेव्हा आमदार होता! 2012 मध्ये मकोका न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली.

सुपारीचं काम असंच उतरत जातं. ज्याला काटा काढायचाय तो मधल्या माणसाला गाठतो, मधला वर विचारतो, वरून होकार आला की खाली पोरं शोधली जातात. कोणी 'फिल्डिंग' लावतो, म्हणजे सावज कधी येतं-जातं ते बघतो. कोणी गाडी आणतो, कोणी हत्यार पुरवतो. शेवटच्या पोराला सुपारी कोणी दिली हे बहुतेक वेळा माहीतच नसतं. तो पकडला गेला तरी सांगणार काय? वरच्याला वाचवणारी भिंत हीच. पैसाही त्याच्या नावावर नसतो, मेव्हण्याच्या नाहीतर ड्रायव्हरच्या नावावर असतो.

खेड्यातही हेच घडू शकतं, हे बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगने दाखवलं. पवनचक्की कंपनीकडे 2 कोटींची खंडणी मागितली, त्याला आडवे आले म्हणून सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 रोजी खून झाला, असं दोषारोपपत्र सांगतं. त्यात मकोका लागलाय, खटला न्यायालयात आहे.

मकोका, म्हणजे 1999 चा राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, ही भिंत फोडायलाच आणला. साधारणपणे मागच्या 10 वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं असतील तर तो लागतो. एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा धरला जातो. टोळीवाल्याची मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवून हिशेब न देणाऱ्यालाही 3 ते 10 वर्षं आहेत, म्हणजे मेव्हणाही आत.

पण गावच्या पोरांना सगळ्यात कमी ठाऊक असलेली गोष्ट वेगळीच आहे. 'माझ्यावर एकपण केस नाय, मला काय होणार?' असं म्हणून मोजणीच्या वेळी कोणाच्या तरी गाडीत बसून नुसतं उभं राहायला जाणारी पोरं असतात. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय की प्रत्येक आरोपीवर जुने गुन्हे असायलाच हवेत असं नाही, टोळीवर असले तरी पुरतात. उद्या ती गाडी टोळीची निघाली आणि पोर टोळीचा सदस्य ठरला, तर शिक्षा किमान 5 वर्षं, दंड किमान 5 लाख. अटकपूर्व जामीन नाही. दोषारोपपत्रासाठी पोलिसांना 180 दिवस मिळू शकतात, तोवर घरच्यांच्या जेलवाऱ्या.