पक्ष न बदलता 11 वेळा आमदार : गणपतराव देशमुखांना हे जमलं कसं?

"मतदारसंघाच्या विकासासाठी सत्तेसोबत जातोय." पक्ष बदलणाऱ्या प्रत्येक आमदाराच्या तोंडी हे वाक्य असतंच. पण सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांनी हे वाक्य कधी वापरलं नाही. आणि तरीही ते 11 वेळा आमदार झाले.

सांगोला म्हणजे सोलापूर जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. 'काय झाडी, काय डोंगार' फेम शहाजीबापू पाटलांचाही हाच मतदारसंघ. 1962 ला शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर वकील असलेले गणपतराव इथून पहिल्यांदा निवडून आले. विशेष म्हणजे तोवर केशवराव जेधे, यशवंतराव मोहिते असे शेकापचे मोठे नेते काँग्रेसमध्ये गेले होते. गणपतराव मात्र थांबले.

बरं, ते कधी हरलेच नाहीत असंही नाही. 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला शहाजीबापूंनी त्यांना फक्त 192 मतांनी हरवलं. 1999 ला पुन्हा गणपतरावच.

आता मुद्दा असा की, लोक त्यांना निवडून का देत होते?

तालुक्यात धनगर समाजाची मतं मोठी आहेत आणि गणपतराव त्याच समाजाचे, हे एक कारण. पण तेवढ्यावर 50 वर्षं निघत नाहीत. त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली, लोकांना काम दिलं. नागनाथअण्णा नायकवडींसोबत 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी चळवळ चालवली. एसटीने फिरणारा आमदार अशी ओळख होती, त्यामुळे ते कुणालाही भेटायचे.

या निष्ठेची किंमतही होती. 1978 आणि 1999 ची मंत्रिपदं सोडली, तर त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. कृष्णेचं पाणी दुष्काळी पट्ट्यात यायला दशकं लागली, आणि विरोधक नेमकं यावरच बोट ठेवायचे. इकडे पक्षही आटत गेला. 1978 ला 13 आमदार असलेला शेकाप 2014 ला 3 वर आला.

2019 ला वयामुळे ते लढले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून थोडक्यात हरले. 30 जुलै 2021 ला गणपतराव गेले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब यांनी शहाजीबापूंना हरवून जागा परत आणली. आज विधानसभेत शेकापचे ते एकटेच आमदार आहेत.

थोडक्यात काय, तर गणपतरावांनी सांगोला राखला, पण पक्ष सांगोल्यापुरताच उरला. सत्तेत नसलेल्या आमदाराच्या मागे लोक 50 वर्षं उभे राहू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी 'विकासासाठी' पक्ष बदलला, तर त्याला सांगोल्याचा हिशोब जरूर विचारा.