जाड ठशाचा जुलूम

हल्ली कोणतेही शालेय मार्गदर्शक उघडावे, तो पानोपान काळ्या जाड अक्षरांची गर्दी उसळलेली दिसते. अभिरुचीचे रक्षक म्हणवणारे लोक याचा दोष जाड ठशासच देतात आणि तो मुळातच ग्राम्य आहे असा निकाल देऊन मोकळे होतात. हा निकाल आम्हांस मान्य नाही. जाड ठसा पुस्तकात आला तो किती नाजूक कामासाठी, हे ‘क्लॅरेंडन’ या इंग्रजी ठशावरून ध्यानात येईल.

हा ठसा १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट येथील ओतशाळेतून बाहेर पडला. तीतील भागीदार रॉबर्ट बेस्ली (हे गृहस्थ पुढे १८६९ साली लंडनचे लॉर्ड मेयर म्हणून निवडून आले) यांच्यासाठी तो बेंजामिन फॉक्स याने कोरला. त्यापूर्वी जाड अक्षरे नव्हती असे नाही. जाहिरातींसाठी अगडबंब ठसे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनच ओतले जात होते. पण ते भिंतीवर शोभणारे. पुस्तकाच्या ओळीत ते पंगतीत पहिलवान कोंबल्यासारखे दिसत. क्लॅरेंडन साध्या रोमन अक्षराच्या शेजारी, त्याच ओळीत नांदू शकला. अक्षरांच्या टोकांस जे आडवे पाय असतात, ज्यांस सेरिफ म्हणतात, ते आधीच्या ‘इजिप्शियन’ ठशांत विटेसारखे काटकोनात चिकटलेले असत. क्लॅरेंडनमध्ये ते बुंध्यातून मूळ पसरावे तसे वळण घेऊन फुटतात. जाड व बारीक रेघांतील भेद आहे, पण माफक. म्हणून अक्षर भक्कम असूनही डोळ्यांस बोचत नाही. कोशकारांस हेच हवे होते. १८८४ पासून निघू लागलेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशात मूळ शब्द याच जातीच्या ठशात आहेत: नजर हव्या त्या शब्दाशी थांबते आणि अर्थ साध्या अक्षरांत शांतपणे वाचते.

नोंदणीने मिळालेले तीन वर्षांचे संरक्षण संपताच इतर ओतशाळांनी त्याच्या नकला काढल्या. अमेरिकेत तो लाकडात कोरला गेला. एका प्रकारात तर पायच दांड्यांहून जाड झाले आणि सर्कशीच्या जाहिरातींवर मिरवू लागले. त्याविषयी आमची तक्रार नाही. रस्त्यावरच्या फलकाने ओरडावेच.

तक्रार आहे ती पुस्तकात ओरडणाऱ्यांविषयी. त्यातून मराठीस या आरड्याओरड्याची गरज फारच थोडी. ‘रामच आला’ आणि ‘राम आलाच’ यांतील भेद एका ‘च’ने होतो, त्यास शाई लागत नाही. शिवाय शिरोरेषेखाली ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध’ अविचाराने जाड केला की त्याच्या पोकळ्या बुजून नुसता डाग उरतो. ज्या लेखकास वाक्यात जोर आणता येत नाही, तो जुळाऱ्याकडून उसना आणतो, एवढाच याचा अर्थ.

यावर प्रकाशकांचे उत्तर ठरलेले: विद्यार्थ्यास वेळ नसतो, महत्त्वाचे तेवढे त्याच्या डोळ्यांत भरले पाहिजे. ठीक आहे. तो मुलगा जाड शब्द तेवढे पाठ करतो, सनावळी घडाघडा म्हणतो. ‘असे का घडले?’ असे विचारताच गप्प होतो, कारण ‘का’चे उत्तर साध्या अक्षरांत होते. ते वाचण्याजोगे नव्हते, तर छापले कशाला?