अश्वशक्तीचा आकडा आणि वर्ध्याचा रस्ता

वर्धा जिल्ह्यात साडेतीनशे ते चारशे सीसीची मोटारसायकल घेऊ पाहणाऱ्याच्या हाती शोरूममध्ये जे पत्रक पडते, त्यातला सर्वांत ठळक छापलेला आकडा, म्हणजे कमाल अश्वशक्तीचा, त्याच्या रोजच्या प्रवासात सर्वांत कमी कामाचा असतो. आणि ज्या गोष्टींवर ती गाडी पुढे सुखाची ठरणार की डोकेदुखीची हे अवलंबून असते, त्या पत्रकात एक तर नसतात किंवा कोपऱ्यात असतात. म्हणून दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गाडी वापरलेल्या मालकाचे मत हा या बाबतीतला अधिक भरवशाचा पुरावा मानला पाहिजे. मात्र ते मत कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ऋतूत आणि मागे कोणाला बसवून तयार झाले आहे, हे विचारल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येत नाही.

भारतीय वाहन-उद्योग २५० ते ७५० सीसीच्या गाड्यांना मध्यम क्षमतेच्या मानतो. सीसी म्हणजे घनसेंटिमीटर, अर्थात दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो तेवढी. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी हेच बहुसंख्य घरांचे वाहन असलेल्या या जिल्ह्यात मध्यम गाडी म्हणजे व्यवहारात साडेतीनशे किंवा चारशे सीसीची, आणि या दोन आकड्यांमध्ये दिसायला थोडेच अंतर असले तरी त्यांच्यामागे इंजिन घडवण्याच्या दोन निराळ्या पद्धती उभ्या आहेत. एकीचे ठळक उदाहरण म्हणजे रॉयल एनफिल्डची २०२१ साली नव्या इंजिनासह आलेली क्लासिक ३५०. दुसरीचे उदाहरण म्हणजे २०२३ च्या जुलैमध्ये भारतात आलेली ट्रायम्फ स्पीड ४००, जी ब्रिटिश नावाची असली तरी पुणे जिल्ह्यातल्या चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होते.

या कारखान्याचे वर्ध्याशी असलेले नाते जिल्ह्यातल्या वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे. आज बजाज ऑटो म्हणून ओळखली जाणारी कंपनी २९ नोव्हेंबर १९४५ रोजी ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाने नोंदवली गेली, आणि ते बच्छराज म्हणजे वर्ध्याचे शेठ बच्छराज, ज्यांच्या घरी जमनालाल बजाज दत्तक नातू म्हणून आले आणि ज्यांची पेढी पुढे जमनालालजींनी सांभाळली. जमनालालजींचे पुत्र कमलनयन बजाज यांनी लोकसभेत वर्ध्याचे प्रतिनिधित्व केले. जिल्ह्यातल्या एका पेढीचे नाव घेऊन सुरू झालेल्या उद्योगाच्या कारखान्यातून निघालेली चारशे सीसीची गाडी याच जिल्ह्याच्या रस्त्यांवर कशी चालते, हा प्रश्न त्यामुळे केवळ ग्राहकाच्या कुतूहलाचा राहत नाही.

क्लासिकच्या ३४९ सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव, म्हणजे त्याच्या वर-खाली सरकण्याचे अंतर, ८५.८ मिलिमीटर आहे. स्पीड ४०० च्या ३९८ सीसी इंजिनात हे प्रमाण उलटे, म्हणजे व्यास ८९ आणि धाव ६४ मिलिमीटर आहे. पहिले लांब धावेचे इंजिन, दुसरे आखूड धावेचे. पहिले मिनिटाला सुमारे ६१०० फेऱ्यांवर वीस अश्वशक्ती देते, दुसरे ८००० फेऱ्यांवर चाळीस. या आकड्यांवरून दुसरे इंजिन दुप्पट समर्थ आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो, परंतु दट्ट्याचा सरासरी वेग मोजला तर आपापल्या कमाल शक्तीच्या क्षणी दोन्ही इंजिनांत तो सेकंदाला सुमारे १७ मीटर भरतो. याचा अर्थ असा की दोन्ही इंजिने आपल्या टोकाला पोहोचलेली असताना सारख्याच ताणाखाली असतात. फरक एवढाच की आखूड धावेचे इंजिन त्या टोकाला अधिक फेऱ्या मारून पोहोचते आणि म्हणून अधिक शक्ती देते, तर लांब धावेचे इंजिन तेथे लवकर येऊन थांबते.

रोजच्या चालवण्यात मात्र त्या टोकाशी कोणाचाच संबंध येत नाही. तेथे कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला पीळ देणारा जोर, आणि तो किती आहे यापेक्षा किती कमी फेऱ्यांवर मिळतो हे महत्त्वाचे असते. क्लासिकमध्ये २७ न्यूटन-मीटर हा कमाल टॉर्क ४००० फेऱ्यांवर मिळतो, आणि गणित केले तर त्या क्षणी गाडीच्या कमाल शक्तीचा तीन-चतुर्थांश भाग चालवणाऱ्याच्या हाताशी आलेला असतो. स्पीड ४०० मध्ये ३७.५ न्यूटन-मीटर हा अधिक मोठा टॉर्क ६५०० फेऱ्यांवर मिळतो. कमी फेऱ्यांवर जोर मिळण्याचा गुण केवळ लांब धावेचा आहे असे समजणे चुकीचे ठरेल, कारण झडपा केव्हा आणि किती उघडायच्या, हवा आत घेणारी नळी किती रुंद ठेवायची आणि फिरते चाक किती जड करायचे, यांवरही तो तितकाच अवलंबून असतो. मालक ज्याला ‘पिकअप’ म्हणतात त्यात या सगळ्याची सरमिसळ असते, म्हणून दोन मालकांची पिकअपविषयीची मते परस्परविरोधी असूनही दोन्ही खरी असू शकतात: आर्वी नाक्यावर किंवा बजाज चौकात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी रेंगाळत पुढे नेणारा साडेतीनशेची तारीफ करतो, आणि चौपदरी रस्त्यावर ट्रकला मागे टाकणारा चारशेची.

वेगाला किती शक्ती लागते, याचा ढोबळ हिशेबही मालकांच्या मतांवर बराच प्रकाश टाकतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरसाठी तीन-चार अश्वशक्ती पुरते, ८० साठी सात-आठ लागते, १०० साठी बारा-तेरा, आणि ताशी १२० च्या आसपास वीस अश्वशक्तीची गाडी संपते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौपदरी महामार्गावर मोटारसायकलीसाठी ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर, म्हणजे जिल्ह्यातल्या सर्वांत वेगवान रस्त्यावर, दुचाकीला प्रवेशच नाही. राहतो तो बुटीबोरी–वर्धा–यवतमाळ हा चौपदरी रस्ता आणि हिंगणघाटवरून जाणारा नागपूर–हैदराबाद महामार्ग. तेथे चारशे सीसीच्या चाळीस अश्वशक्तीतली निम्मी शक्ती कायद्याच्या चौकटीत क्वचितच वापरली जाते. या जादा शक्तीचा खरा लाभ ओव्हरटेकच्या काही सेकंदांत आणि ८० च्या वेगाला इंजिन शांत राहण्यात आहे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा नागपूर गाठणाऱ्याच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही, हेही मान्य केले पाहिजे.

जिल्ह्याच्या आतले रस्ते मात्र वेगळीच कसोटी लावतात. येथील काळी जमीन पावसाचे पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर केलेला डांबरी रस्ता दरवर्षी तिच्याबरोबर वर-खाली होत राहतो. त्यामुळे खड्डे बुजवलेल्या रस्त्यावरही लांब लाटा राहतात आणि कडा खचतात. अशा ठिकाणी शॉकअप किती दबू शकतो याला महत्त्व येते. क्लासिकच्या मागच्या दोन शॉकअपना ९० मिलिमीटरची हालचाल आहे, तर स्पीड ४०० च्या मागच्या एकाच शॉकअपमुळे चाकाला १३० मिलिमीटरची. लाटेवरून दोघांना घेऊन जाताना क्लासिकच्या मागच्या बाजूला तळाशी धक्का बसतो, ही तक्रार त्यामुळे समजण्यासारखी आहे. उलट क्लासिकचे पुढचे १९ इंची चाक खड्ड्याची कड जितक्या सहज ओलांडते, तितक्या सहज १७ इंची चाक ओलांडत नाही.

वजनाचा प्रश्न पांदण रस्त्यावर उभा राहतो. क्लासिक १९५ किलोची आहे, आणि चारशेवाली सुमारे पंधरा-वीस किलोने हलकी. जुलै महिन्यात शेताकडच्या वाटेवर चिखल चाकात आणि मडगार्डमध्ये भरून चाक जाम होते, तेव्हा दोन्ही गाड्या सव्वाशे सीसीच्या गाडीपुढे हतबल असतात, आणि ज्याचे रोजचे काम शेतातच आहे त्याने यांपैकी कोणतीही गाडी एकमेव वाहन म्हणून घेऊ नये, असे स्पष्ट म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल. त्याच वाटेवर बाभळीचा काटाही असतो. आऱ्यांच्या चाकात ट्यूब असते आणि काटा लागताच हवा जाते. मिश्रधातूच्या ओतीव चाकाला ट्यूबलेस टायर बसतो, त्यात काटा रुतून राहिला तरी हवा हळूहळू उतरते आणि गाडी पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचते. शोरूममध्ये आऱ्यांची चाके देखणी दिसतात, आणि बऱ्याच मालकांना या देखणेपणाची किंमत पहिल्या पंक्चरला कळते.

सेलू तालुक्यातल्या बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्या परिसरातच नव्हे, तर तूर आणि कपाशीच्या शेतांमधून जाणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर संध्याकाळनंतर रोही किंवा रानडुक्कर अचानक आडवे येते, आणि अशा वेळी मालकाला आठवते ते एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक पूर्ण थांबून घसरू नये म्हणून दाब क्षणोक्षणी सोडणारी आणि पुन्हा धरणारी यंत्रणा. ती १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून बंधनकारक आहे. ती थांबण्याचे अंतर चमत्काराने कमी करत नाही. ती चाक घसरू न देता गाडी ताब्यात ठेवायला मदत करते, मात्र खडी पसरलेल्या वळणावर तिच्यावरही विसंबता येत नाही.

उन्हाळ्यात, तापमान ४५ अंशांवर जाणाऱ्या दुपारी, दोन्ही इंजिनांचा स्वभाव सर्वांत स्पष्ट दिसतो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते, सिलिंडरमध्ये तेवढा प्राणवायू कमी जातो आणि शक्तीही काही टक्क्यांनी घटते, त्यामुळे मे महिन्यात गाडी ‘मरगळते’ ही मालकांची भावना केवळ मनाचा खेळ नाही. क्लासिकचे इंजिन हवेने आणि तेलाने थंड होते, म्हणजे गाडी चालती असेपर्यंत त्याचा जीव शांत असतो आणि रेल्वे फाटकावर इंजिन सुरू ठेवून उभे राहिले की पाय भाजू लागतात. स्पीड ४०० मध्ये पाण्यासारखे शीतक द्रव्य आणि रेडिएटर आहे; इंजिनाचे तापमान ते नीट आवरते, परंतु पंखा सुरू झाला की ती उष्णता चालवणाऱ्याच्या अंगावर येते. एकात इंजिन आणि पाय दोन्ही सोसतात, दुसऱ्यात मांडी सोसते. फाटकावर इंजिन बंद करणे हा दोन्हींवर सारखाच लागू पडणारा आणि फुकटचा उपाय आहे.

अ‍ॅव्हरेजविषयीच्या मतांत आता एका नव्या घटकाची भर पडली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आज २० टक्के इथेनॉल असते, आणि लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, म्हणून केवळ ऊर्जेच्या हिशेबाने अ‍ॅव्हरेजमध्ये सहा-सात टक्क्यांची घट संभवते. प्रत्यक्षात ती इंजिनाच्या जुळणीप्रमाणे कमी-जास्त होते. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचे मालकांचे आकडे आजच्या गाडीशी ताडून पाहणे अन्यायाचे आहे. टाकी काठोकाठ भरून पुढच्या भरण्यापर्यंतचे अंतर मोजणे आणि ते उन्हाळ्यात, पावसाळ्यात व हिवाळ्यात वेगवेगळे लिहून ठेवणे, एवढे ज्याने केले असेल त्याचाच आकडा विचारात घ्यावा; डिजिटल पडद्यावर दिसणारा आकडा हा अंदाज असतो.

घरातल्या दुसऱ्या माणसाचे मत बहुतेक चर्चांतून गाळले जाते, आणि ते या स्तंभाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायची दांडी, पायठेवणी आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारे आवरण, म्हणजे लोकांच्या भाषेत साडीगार्ड, असणे आवश्यक आहे. नियम असला तरी सीटची रुंदी आणि उंची तो ठरवत नाही. चारशे सीसीच्या तरुण धाटणीच्या गाड्यांत मागचे सीट अरुंद आणि उंच असते, पायठेवणीही वर असते, आणि साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईला वर्धा ते सेवाग्रामचे इस्पितळ हे लहान अंतरही अवघड होते. क्लासिकच्या रुंद सीटचा मान येथे निर्विवाद आहे. पती गाडीची स्तुती करत असताना पत्नी बसने जाणे पसंत करत असेल, तर घरातले एक मत त्या स्तुतीच्या विरोधात पडलेले असते.

करआकारणीने या दोन गाड्यांमधले अंतर आता इंजिनाच्या बाहेरही वाढवले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांचा, पूर्वीच्या अधिभारासह ३१ टक्के असलेला भार, ४० टक्क्यांवर गेला. ३४९ आणि ३९८ यांमधल्या ४९ सीसींसाठी ग्राहकाला करातच बावीस टक्क्यांचा फरक मोजावा लागतो, आणि कारखान्यांनी त्यातला काही भाग स्वतःवर घेतला तरी हा फरक जनतेच्या गरजेवर नव्हे तर एका आकड्यावर आखलेल्या रेषेतून निर्माण झाला आहे. चारशेवाल्या गाडीच्या सर्व्हिसिंगचे अंतर १६,००० किलोमीटर किंवा एक वर्ष इतके लांब आहे, ही तिची जमेची बाजू. परंतु आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरच्या मालकाला त्या एका सर्व्हिसिंगसाठी किती दूर जावे लागेल आणि क्लचची वायर तुटली तर ती तालुक्याच्या गावी त्याच दिवशी मिळेल का, ही चौकशी त्याने पैसे भरण्यापूर्वी, आपल्याच तालुक्यात तीच गाडी चालवणाऱ्या माणसाकडे करावी.