न्हाऊ न शकणारे देव

षोडशोपचार पूजेतले उपचार एकदा क्रमाने डोळ्यांपुढे आणून पाहावेत. आवाहन झाले, आसन दिले, की पुढचे बहुतेक सारे अंगाला लागणारे आहे. देवाचे पाय धुवायचे, हातावर पाणी सोडायचे, पंचामृताने आणि मग शुद्धोदकाने न्हाऊ घालायचे, पुसायचे, वस्त्र वाहायचे, गंध लावायचे. घरचा देव हा असा दररोज आंघोळ करणारा, नेसणारा, जेवणारा देव आहे आणि त्यामुळेच त्याच्या मूर्तीवर काही रोकड्या अटी आपोआप येतात. ती ताम्हनात मावली पाहिजे. दही-दूध-मध अंगावर घेऊन तिचा रंग जाता कामा नये. सणासुदीच्या आधी चिंच लावून घासता आली पाहिजे आणि घासताना हातातून निसटली तर तिचे दोन तुकडे होता कामा नयेत. आज ‘खास देवघरासाठी’ म्हणून दुकानांत आणि मोबाइलवर विकल्या जाणाऱ्या सुबक, चकचकीत मूर्तींपैकी पुष्कळशा यांतली एकही अट पाळू शकत नाहीत. अशी मूर्ती शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात खुशाल असावी; देवघरात तिला जागा देऊ नये, असे माझे मत आहे. हे मत सोवळ्याओवळ्यातून आलेले नाही. उलट, आपल्या जुन्या देवघराला जो व्यवहार कळत होता तो आपण गमावत आहोत, ही त्यामागची तक्रार आहे.

जुन्या मराठी देवघरात काय असायचे? पंचायतन असेल तर गंडकीतला शाळिग्राम, नर्मदेतला बाण, शोण नदीतला तांबूस शोणभद्र. यांतल्या एकालाही नाक-डोळे नाहीत, तरी पूजेतला त्यांचा मान मोठा. लग्नात मुलीबरोबर माहेरून आलेली अन्नपूर्णा आणि रांगणारा बाळकृष्ण, दोन्ही पितळेचे किंवा चांदीचे आणि मुठीत मावणारे. शिवाय कुळाचे टाक : खंडोबा, भवानी, भैरोबा, कुणाकडे वीर. चांदीच्या लहानशा पत्र्यावर सोनाराने उठवलेली ही चित्रे इतकी मोजक्या रेषांची असतात, की घोडा आणि तलवार दिसली म्हणजे खंडोबा ओळखायचा. आकार लहान असण्यामागे केवळ गरिबी नव्हती. घरातली प्रतिमा अंगठ्याच्या पेरापासून एका वितीपर्यंतच असावी, त्याहून मोठी नको, असे मत्स्यपुराण सांगते. संख्येलाही आवर होता. घरात दोन शिवलिंगे पुजू नयेत, दोन शाळिग्राम नकोत, तीन गणपती नकोत, हे नियम पूजाविधीच्या जुन्या ग्रंथांत आहेत. त्यांची धार्मिक कारणे कुणी काहीही देवो. त्यांचा परिणाम असा होता, की देवघर एका माणसाच्या हाताने, एका बैठकीत, नीट आवरता येईल एवढेच राहत असे. ज्या घरात आज भेट म्हणून आलेले अकरा गणपती एका फळीवर दाटीवाटीने बसले आहेत, त्या घराने परंपरा वाढवली असे म्हणणे कठीण आहे.

मूर्ती झिजते, याचीही तजवीज त्या व्यवस्थेत होती. टाक पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत होतो, खंडोबाचा घोडा पुसट होतो. मग तो सोनाराकडे जातो, मोडला जातो, त्याच चांदीत थोडी भर घालून नवा घडवला जातो, जेजुरीला देवभेट करून पुन्हा देव्हाऱ्यात येतो. पितळी मूर्तीचा हात तुटला तर ओताऱ्याकडे मूस तयारच असे. धातू तोच, रूप नवे. दुसरी वाट पार्थिव मूर्तीची. भाद्रपदातला गणपती मातीचा असतो तो विरघळावा म्हणूनच. उत्तरपूजा झाली की मूर्तीतले देवपण संपले असे मानायचे आणि माती पाण्यात सोडायची. म्हणजे देवघराच्या बाबतीत दोनच वाटा होत्या. एक तर मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकेल आणि पुन्हा घडेल, नाही तर दहा दिवसांत मातीला मिळेल.

रेझिनची मूर्ती या दोन्ही वाटांवर नाही. संगमरवराची भुकटी पॉलिएस्टर राळेत कालवायची, तीत घट्ट करणारे रसायन मिसळायचे, रबरी साच्यात ओतायची आणि वरून सोनेरी, मोतिया रंग द्यायचा, अशी ती होते. ही राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. तापवली तर जळते. पाण्यात ती विरघळत नाही आणि मातीत कुजत नाही. रोजच्या अभिषेकाला मात्र तिचा वरचा रंग टिकत नाही, म्हणून विक्रेताच बजावतो, ‘ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या ब्रशने धूळ झटका.’ देवाला ब्रश! रोजच्या पूजेत जिच्यावर दोन थेंब पाणी घालायची भीती वाटते, पण फेकून दिल्यावर जी शंभर वर्षे नदीच्या तळाशी सुखरूप राहू शकते, अशी वस्तू देव म्हणून निवडण्यात मोठी गफलत आहे. चांदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या भेटवस्तूंचे तर विचारूच नये. त्यांतल्या अनेकांत चांदीचे कवच कागदासारखे पातळ असते आणि आत भराव. देणाऱ्याला वाटते आपण चांदी दिली; मोडीला नेल्यावर त्या वजनाचे पैसे येत नाहीत, म्हणजे टाकाची जी पुनर्जन्माची सोय होती तीही इथे नाही.

याचा शेवट कुठे होतो ते गावोगाव दिसते. वडा-पिंपळाचा पार, नदीवरच्या पुलाचा कठडा, एखाद्या लहान मंदिराची मागची भिंत इथे चौकटीतल्या तसबिरी, कान तुटलेले गणपती आणि रंग उडालेल्या लक्ष्मी रांगेने टेकवून ठेवलेल्या असतात. ठेवणारा माणूस नास्तिक नसतो. त्याला ती मूर्ती कचऱ्यात टाकवत नाही आणि घरात ठेवायला मन घेत नाही, म्हणून तो ती दुसऱ्याच्या दारात ठेवून हात जोडून निघून जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस, प्लास्टिक आणि थर्माकोलच्या मूर्तींना मनाई केली. त्यावरून आपल्याकडे कोर्टकचेऱ्या झाल्या, मंडळे आणि मूर्तिकार आमनेसामने आले. पण ती सारी चर्चा गणेशोत्सव आणि नवरात्रापुरती राहिली. बारा महिने घराघरांत शिरणाऱ्या आणि वर्षा-दोन वर्षांनी पारावर येणाऱ्या मूर्तींविषयी कुणी अवाक्षर काढत नाही, कारण तिथे मिरवणूक नाही आणि ढोलही नाही.

याला पहिला आक्षेप घेतला जाईल तो सौंदर्याचा. देव देखणा असावा असे वाटले तर त्यात पाप काय? पाप काहीच नाही आणि हा आक्षेप झटकण्यासारखाही नाही, कारण त्याला आपल्याच भूमीत मोठा इतिहास आहे. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली, तिने देवादिकांची शिळाछापाची चित्रे घरोघर पोहोचवली. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्याची लक्ष्मी, सरस्वती पैशावारी मिळू लागली. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकायला बंदी होती, त्यांच्याही भिंतीवर देव आले ते या स्वस्त छापील कागदामुळे. त्या चित्रांनाही तेव्हा नाके मुरडली गेलीच. आज तीच चित्रे संग्रहालयांत आणि लिलावांत आहेत. तेव्हा आजच्या रेझिनच्या राधाकृष्णाला नाक मुरडणारा मीही त्याच जातीचा नव्हे कशावरून? फरक मला असा दिसतो. ती चित्रे भिंतीवर होती आणि भिंतीवरच्या देवाची पूजा कशी करायची हे लोकांनी आपले आपण ठरवले : काचेवर गंध लावायचे, चौकटीला हार घालायचा. बायकांनी तर लक्ष्मीच्या कागदी पदरावर खरी जर आणि टिकल्या चिकटवून ती चित्रे सजवली. चित्राला कुणी ताम्हनात बसवले नाही. शास्त्रालाही त्याचे वावडे नव्हते. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमांचे जे आठ प्रकार दिले आहेत, त्यांत दगड, लाकूड, धातू यांच्याबरोबर चितारलेली प्रतिमा आहे, वाळूची आहे आणि केवळ मनात कल्पिलेलीही आहे. देखणा देव हवा असेल तर चांगले चित्र लावावे. चित्र आपण चित्र असल्याचे लपवत नाही. आजची सजावटी मूर्ती मात्र संगमरवर नसून संगमरवर दिसते, चांदी नसून चांदी दिसते. हे असे दिसणे दिवाणखान्यात चालून जाते. जिथे रोज हात लागतो तिथे महिन्याभरात उघडे पडते.

दुसरा आक्षेप ‘भाव तेथे देव’ हा. मूर्ती कशाची का असेना, श्रद्धा खरी असली म्हणजे झाले. मान्य. पण हा युक्तिवाद बाजाराच्या बाजूने वापरणे फार चमत्कारिक आहे. भावच पुरेसा असेल तर सहा हजारांची मूर्ती कशाला हवी? परवडण्याचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. सत्यनारायण असो की वास्तुशांत, आपल्याकडे गणपती मांडला जातो तो तांदळाच्या मुठीवर ठेवलेल्या सुपारीचा. तांब्यावर नारळ ठेवला की देवी बसली. मूर्तीवाचून कुणाचे अडू नये याची काळजी या परंपरेने एका सुपारीत घेऊन ठेवली आहे. गरिबाला धातूची मूर्ती झेपत नाही म्हणून रेझिन, असे म्हणणाऱ्याने आधी त्या सुपारीकडे पाहावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. रोज देव धुणे, पुसणे, घासणे हे काम करते कोण? पूर्वी सुखवस्तू घरांत पूजेला गुरुजी येत किंवा घरातले वडीलधारे पुरुष सोवळे नेसून बसत, तरी पाणी, फुले, गंध उगाळणे, भांडी घासणे हे बायकांकडेच. आज दोघेही सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या घरात पंचामृताचा हट्ट धरला, तर त्याचा भार कुणावर पडेल हे सांगायला नको. शिवाय याच हाताळण्याच्या देवाला महिन्यातले चार दिवस शिवायचे नाही, अमक्या जातीच्या हाताचे पाणी चालायचे नाही, हेही त्याच देवघराने शिकवले. हा आरोप खरा आहे आणि तो खोडण्याची माझी इच्छा नाही. पण त्यावर उपाय हात काढून घेणे हा नव्हे. देव कमी करावेत. एक बाळकृष्ण, एक अन्नपूर्णा आणि कुळाचा टाक एवढेच ठेवले तर त्यांना न्हाऊ घालायला पाच मिनिटे पुरतात, आणि ती पाच मिनिटे घरातल्या कुणीही, मुलाने, जावयाने, पाळी सुरू असलेल्या लेकीने द्यावीत. अकरा मूर्तींची धूळ ब्रशने झटकायला याहून जास्त वेळ जातो. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचाही प्रश्न याने सुटतो. फुटेल म्हणून कापसात गुंडाळून, जादा सामानाचे पैसे भरून नेलेल्या हातभर मूर्तीपेक्षा आजीचा टाक कधीही बरा. तो पर्समध्ये जातो.

कारागिरांच्या पोटाचा प्रश्न काढला जातो, त्याबद्दल थोडक्यात. सजावटी मूर्तींच्या धंद्यावर हजारो घरे चालतात हे खरे, त्यात रंगकाम करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पण साच्याची मूर्ती ज्याला स्वस्त साचा त्याची. जून २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गणपतीची मूर्तीही चीनमधून का आणावी, असा प्रश्न जाहीरपणे केला होता, तो या व्यापाराच्या स्वभावालाच धरून होता. या बाजारात मागे पडला तो ओतारी, पत्र्यावर टाक उठवणारा सोनार आणि कासार. ही माणसे दुरुस्ती करून जगत. दुरुस्त न होणाऱ्या मूर्तीच्या काळात त्यांना काम उरत नाही. शहरांतल्या सराफी पेढ्यांवर टाक अजून मिळतात, पण त्यांतले बरेच ठशाचे असतात. हाताने उठवलेला टाक हवा असेल तर शोधावा लागतो आणि थोडे थांबावे लागते. त्याची मजुरी रेझिनच्या मूर्तीपेक्षा फार असते असेही नाही.

महापालिका आणि नगरपालिकांनी निर्माल्य कलशांसारखीच जुन्या मूर्ती-तसबिरींची सोय वर्षभर करावी, त्यातले काच, लाकूड, धातू वेगळे व्हावे आणि मूर्तीवर ती कशाची आहे हे छापणे विक्रेत्याला भाग पडावे, या मागण्या रास्त आहेत आणि त्यासाठी कुणाच्याही भावना दुखावण्याचे कारण नाही. पण त्याआधी गिऱ्हाइकाच्या हातात एक साधी गोष्ट आहे. येत्या दिवाळीत किंवा कुणाच्या वास्तुशांतीला मूर्ती घ्यायला दुकानात जाल तेव्हा दुकानदाराला दोन प्रश्न विचारा : ही रोज पाण्याने धुता येईल का, आणि उद्या मोडली तर मोडीत परत घ्याल का? दोन्हींची उत्तरे ‘नाही’ आली, तर ती मूर्ती भेट देऊ नका. तिच्याऐवजी समई द्या, निरांजन द्या, चांगले पुस्तक द्या. घेणाऱ्याला ते कधीही पारावर नेऊन ठेवावे लागणार नाही.